इमी कुणाशी बोलते

डेव्हनपोर्ट, १८ फेब्रुवारी

डल्सीताई,

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. एकच गोष्ट विचारायची आहे आणि तिचं खरं उत्तर हवं आहे. तू इमीच्या शाळेला काही कळवलंस का?

का विचारते ते सांगते. काल शाळेत बोलावलं होतं. इमीचं हे शेवटचं वर्ष. वर्गावर नव्या बाई आल्यात, क्विलन म्हणून. अंगानं किरकोळ, केस बारीक कापलेले, आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघतात, पापणी म्हणून लवत नाही. असली माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. त्या म्हणाल्या, या वर्षी पाढे बंद, शुद्धलेखन बंद. इमीसारख्या हळू शिकणाऱ्या या वर्गातल्या मुलांनी आता बसनं एकटं जायचं, आपले कपडे आपण धुवायचे, रांधायला शिकायचं, फोनवर बोलायला शिकायचं, आठवड्यातले दोन दिवस बाहेर कामाला जायचं. डिसेंबरात शाळा सुटली की पुढचं आयुष्य, त्याची ही तयारी.

मी म्हटलं, "बाई, माझ्या पोरीचं पुढचं आयुष्य माझ्या घरात आहे. तयारी कसली करायची त्याची?"

त्यावर त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या मागं?"

ताई, तेच शब्द. इमीच्या बाबांच्या, केल्विनच्या दफनाच्या दिवशी, लोक अजून हातात सँडविच धरून उभे होते, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, 'तुझ्या मागं या पोरीचं काय, कोरी?' सहा वर्षं झाली, मी विसरलेले नाही. आता एक परकी बाई तेच वाक्य त्याच सुरात म्हणते, आणि मी योगायोग म्हणून सोडून द्यायचं? एवढी दुधखुळी मी नाही.

पुढचं ऐक. बाईंनी इमीला विचारलं, "तुला कुठं राहायला आवडेल?" सतरा वर्षांची झाली तरी जी पोरगी आइस्क्रीम कुठलं हवं हेसुद्धा माझ्या तोंडाकडं बघून सांगते, ती म्हणाली, "टेगनबरोबर. वेगळ्या घरात." टेगन म्हणजे तिच्या वर्गातली मैत्रीण, ती सारखी हसणारी. तर इमीचे शब्द असे आले जणू पाठ करून घेतलेत. तिला कुणीतरी पढवतंय, हे आंधळ्यालाही कळेल.

कोण, ते मला हवंय.

कोरली


८ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मगरीचं चित्र का निवडलंस ते तुझं तुला माहीत. मागं एकच ओळ: 'मी शाळेला काहीही कळवलेलं नाही.'

ही ओळ मी चहा निवेपर्यंत वाचत बसले होते. शाळेला नाही. मग कुणाला कळवलंस? नुसतं 'नाही' लिहिलं असतंस तर मी विषय संपवला असता. तू टायपिस्ट होतीस, शब्द मोजून टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

तुमच्या डार्विनला नसेल, पण इकडं दक्षिणेला थंडी पडायला लागली. कांद्याचा हंगाम उतरत आलाय, कांदे निवडायच्या शेडवर आम्ही चौघीच उरलोय. इमीला त्या बाईंनी नदीपलीकडच्या रोपवाटिकेत कामाला लावलंय. कुंड्यांत माती भरायची, रोपांना पाणी घालायचं. पहिले काही दिवस बाई बसमध्ये तिच्याबरोबर होत्या. मग म्हणाल्या, आता ती एकटी जाईल.

मी शेडवर रजा टाकली आणि गाडी घेऊन बसच्या मागं निघाले. लांबूनच हं. बस थांबली की मी थांबायचे, निघाली की निघायचे. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर ड्रायव्हर खाली उतरला आणि सरळ माझ्या खिडकीशी आला.

"काय काम आहे, बाई?"

"काम कसलं? माझा रस्ता आहे."

"प्रत्येक थांब्यावर थांबणारा रस्ता?" म्हणाला. "आत एक मुलगी बसलीये. ती म्हणते, ही पांढरी गाडी माझ्या मागं लागलीये."

"अहो, ती माझी मुलगी आहे!"

"असेल. पण तिनं येऊन सांगितलं, ते चांगलंच केलं. तुम्ही एक तर पुढं जा, नाहीतर मागं वळा."

वर खिडकीत इमी बसली होती. माझ्याकडं बघत होती. हात केला नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "गाडीत कोण होतं, ते तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"बाईंनी सांगितलंय, कुणी मागं लागलं तर ड्रायव्हरला सांगायचं. आई सोडून, असं नाही म्हणाल्या."

हे वाचून तू हसशील. मला हसू आलं नाही. आईपासून पोरीला तोडायचं असेल तर सुरुवात अशीच करतात.

कोरली


१९ जून

ताई,

हे तुला का लिहितेय, कुणास ठाऊक. शेडवरच्या बायकांना सांगावं तर उद्या गावभर. तू निदान लांब आहेस.

इमी कुणाशी तरी फोनवर बोलते. दर गुरुवारी, शाळेतून आली की खोलीत जाते, दार लावते. आमच्या घरात दार कधी लावत नव्हतं कुणी. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत उभी राहते. शब्द कळत नाहीत, पण ती हसते, मग बराच वेळ गप्प होते, ऐकत असल्यासारखी, मग 'हो' म्हणते. ते 'हो' मला खुपतं, ताई. पुरुष माणसाला म्हणावं तसं वाटतं.

मी विचारलं, "कोण गं?"

"हे माझं खासगी आहे."

खासगी! हा शब्द तिला कुठून आला? गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली, पण अजून बुटाची नाडी दोनदा सुटते. जगात कसली माणसं असतात हे तिला माहीत नाही. गोड बोलणारा कुणी भेटला तर ती त्याला घराची किल्लीही देईल. रोपवाटिकेत दोन पोरं आहेत ट्रकवर कुंड्या चढवायला. मी जाऊन बघून आले. एकानं मला गुलाबाची कलमं दाखवली. फारच सभ्य होता, म्हणून जास्तच संशय आला.

मग शाळेत गेले. क्विलन बाईंना म्हटलं, "माझी मुलगी कुणाशी बोलते ते तुम्हाला माहीत आहे."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे. त्या व्यक्तीशी मी स्वतः बोलले आहे. काळजीचं काही नाही."

"नाव सांगा."

"इमोजेननं सांगू नका म्हटलंय."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच तुम्ही तिलाच विचारा. आणि ती नाही म्हणाली, तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा."

अशी बाई. मी दार आपटून आले. आता मला वाटतं, त्याही सामील आहेत. कशात, ते कळत नाही. तू शहाणी, तू सांग, काय करू? यावेळी मगर पाठवू नकोस.

कोरली


४ जुलै

डल्सी,

काल संध्याकाळी तुझा फोन वाजला. तू उचललास आणि म्हणालीस, "काय गं इमी, आज कसा काय? किटली ठेवलीस का?" समोरून कुणी बोललं नाही. फोन बंद झाला.

ती मी होते.

इमी अंघोळीला गेली होती. तिला वाचायला वेळ लागतो म्हणून तिच्या फोनमध्ये नावांऐवजी चित्रं आहेत. माझं चित्र कांद्याचं आहे, टेगनचं फुग्याचं. एक चहाची किटली होती, तिच्यावर मी बोट ठेवलं. माझी तयारी कुठल्याशा बाप्याचा आवाज ऐकायची होती. शिव्यासुद्धा ठरवल्या होत्या. आणि आला तुझा आवाज. सहा वर्षांनी, जसाच्या तसा, आईसारखा घोगरा. मी न्हाणीघराच्या दाराशीच खाली बसले.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून बरोबर वाटत होतं! आणि मी तुलाच पत्र लिहून विचारते, काय करू म्हणून. तू ते वाचून गप्प बसलीस. मला इतका राग आलाय की अक्षर बघ कसं येतंय.

इमी बाहेर आली. माझ्या हातात फोन बघून तिनं तो काढून घेतला. ओरडली नाही. म्हणाली, "तू विचारायला पाहिजे होतंस."

"विचारलं होतं ना मी?"

"मी नाही म्हटलं होतं. नाही म्हटल्यावर बघायचं नसतं."

मग मात्र तिनं सगळं सांगितलं. तुझ्याकडून ऐकलं नसतं, म्हणून तिच्याकडून ऐकलेलं लिहिते, खोटं असेल तर कळव. वर्गात बाईंनी काम दिलं होतं: एकट्या राहणाऱ्या माणसाशी बोला, त्याला काय काय करावं लागतं ते विचारून घ्या. कुणी शेजारचे म्हातारे निवडले, कुणी आत्या. इमीनं विचार केला. आई चालणार नाही, ती म्हणाली. कारण आई आजोबांच्या घरातून उठली ती बाबांच्या घरात आली आणि बाबा गेले तेव्हा मी होते. आईला एकटं राहायचं माहीतच नाही.

हे तिनं मला तोंडावर सांगितलं, ताई. टॉवेल डोक्याला गुंडाळून.

मग तिला तू आठवलीस. केल्विनच्या जुन्या फोनमध्ये तुझा नंबर होता. बाईंनी तो फोन चार्ज करून दिला. एकदाच बोलायचं होतं. पण तिचे प्रश्न संपेनात. घरात खुट्ट झालं तर काय करायचं? ताप आला तर सूप कोण देतं? एकटं जेवताना कुठं बघायचं? तू तिला सांगितलंस, घरात शिरल्या शिरल्या आधी किटली ठेवायची, म्हणजे घर बोलायला लागतं.

आणि तू तिला हेही सांगितलंस की डार्विनला गेल्यावर पहिलं वर्षभर तू रोज रडायचीस. खिडकीशी उभं राहून जेवायचीस, कारण टेबलाशी बसवत नव्हतं.

हे खरं आहे? आम्हाला तर तू लिहायचीस आंबे, समुद्र, ऑफिसातल्या सहली. मी इथं भांडी घासताना तुझा हेवा करायचे. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाहीस ते तिच्या पोरीला सांगितलंस.

मी इमीला विचारलं, "माझ्यापासून का लपवलंत तुम्ही?"

"मावशी म्हणायची आईला सांग. दर वेळी म्हणायची. मीच नको म्हटलं." मग म्हणाली, "तुला भीती वाटते ना."

मी तुला माफ केलेलं नाही. पण तिचे गुरुवार तोडू नकोस. ती वाट बघते.

कोरी


२६ सप्टेंबर

ताई,

गेल्या पत्राचं तुझं उत्तर मी सांभाळून ठेवलंय, त्यावर आज काही लिहीत नाही. आज दुसरंच सांगायचंय. तुला इमीनं थोडं सांगितलं असेल, पण तिला सगळं महत्त्वाचं वाटत नाही.

मंगळवारी पुलावर काम काढलं होतं. परतीची बस भलत्याच रस्त्यानं गेली. इमी आपला थांबा शोधत बसली, तो आलाच नाही, मग शेवटी उतरली ती पार गावाबाहेर, जिथं नुसती गुदामं आणि कुंपणं. पाऊस लागलेला.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी घरी भोपळ्याचं सूप ढवळत होते. दारात आला लाइल ग्रीव्ह. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो, चर्चमध्ये खुर्च्या मांडतो. तोंड लाल झालेलं.

"कोरली, तुझ्या पोरीला काय शिकवतात गं त्या शाळेत? पावसात भिजत उभी होती म्हणून गाडी थांबवली. म्हटलं, ये, घरी सोडतो. तर म्हणे, नको. मी म्हटलं, अगं, मी तुझ्या आईला ओळखतो. तर रस्त्याच्या पलीकडं गेली आणि मोठ्यानं नको म्हणून ओरडली! लोक बघायला लागले. मला चोर ठरवलं!"

मी त्याची माफी मागितली. दहा वेळा मागितली असेन. आणि पायांत चपला घालून निघाले, तर समोरून इमी येत होती. नखशिखांत भिजलेली. वाटेतल्या पेट्रोल पंपावर गेली होती. तिथल्या बाईला जागेचं नाव विचारलं, शाळेत फोन लावला, क्विलन बाईंनी दुसरी बस सांगितली, तीत बसून आली.

मी तिला कोरडं केलं, सूप दिलं आणि मग चिडले. "लाइलकाका आहेत ते! लहानपणापासून बघतेस."

"बघते. ओळखत नाही."

"त्यांनी माझं नाव सांगितलं ना?"

"तुझं नाव सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या शेडच्या जॅकीटवर लिहिलंय." सूप फुंकत म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, आईला फोन करून विचारते. तर ते म्हणाले, कशाला, बस पटकन. म्हणून मी नाही बसले."

ताई, माझा चमचा हातातच राहिला.

'कशाला, बस पटकन.' लाइल सरळ माणूस आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. पाऊस होता, त्याला घाई असेल, गाडीचं दार उघडं ठेवून भिजत असेल. तसंच असणार. पण मला खात्री आहे का? आख्ख्या गावावर संशय घेणारी मी, त्या शाळेवर, त्या बाईवर, गुलाब दाखवणाऱ्या पोरावर, तुझ्यावर. लाइलवर मात्र कधी घेतला नाही, कारण तो खुर्च्या मांडतो. मी असते तर त्या गाडीत बसले असते. आभार मानत बसले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारी गेले. म्हटलं, "लाइल, काल मी माफी मागितली ती परत घेते. पोरगी बरोबर वागली. पुन्हा कधी ती भिजताना दिसली तर गाडी थांबवू नकोस, मला फोन कर." त्यानं दार लावून घेतलं. चर्चमध्ये आता बोलत नाही. काही हरकत नाही.

शाळेतही गेले. क्विलन बाई कुठलीशी रोपं खिडकीत ठेवत होत्या. मी म्हटलं, "मला तुम्ही अजून आवडत नाही."

"माहीत आहे," म्हणाल्या.

"ते वेगळ्या घराचं इमी काय म्हणत होती, ते सांगा."

त्यांनी पहिल्यांदा पापणी लववली. पाणी होतं डोळ्यांत, मी बघितलं.

कोरी


१४ डिसेंबर

ताई,

फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुझा आवाज ऐकला की आई आठवते, म्हणून लिहिते.

इमी गेली. आधी तीन रात्री राहून बघितलं, मग आठवडा, आणि शाळा संपल्यावर खोके भरून गेलीच. गावातच आहे, दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालायला जागा. ती आणि टेगन. सकाळ-संध्याकाळ मदतीला एक बाई येते, दणकट आहे. तिचीही मी चौकशी केली आहे, दोन ठिकाणी. रोपवाटिकेत इमीला आठवड्यातून चार दिवस कायमचं काम मिळालं.

घरात मी एकटी आहे. साठीला टेकले आणि पहिल्यांदा. तू म्हणालीस तशी किटली ठेवून बघितली. घर काही बोललं नाही, पण चहा झाला. पहिल्या रविवारी मी खिडकीशी उभं राहून जेवले आणि मग लक्षात आलं, हे तर तुझं. तेव्हा बसले.

मला अजून शंका येतात, नाही असं नाही. तिच्या शेजारी एक माणूस राहतो, त्याचे पडदे दिवसाही लावलेले असतात. टेगनचा मामा फार वेळा येतो असं मला वाटतं. इमीला सांगितलं, तर म्हणाली, "मी बघितलंय त्यांच्याकडं. ते फक्त बिस्किटं खातात."

काल तिनं मला जेवायला बोलावलं. फोन केला, दिवस सांगितला, वेळ सांगितली, "काही आणू नकोस" म्हणाली. मी तरी केक केला. उन्हाळा लागलाय, खसखशीची शेतं फुललीत, वाटेवर दोन्ही बाजूंनी पांढरी झालीत, आणि संध्याकाळ असून लख्ख ऊन होतं. मी ठरलेल्या वेळेच्या आधीच पोहोचले आणि गाडीत बसून राहिले. त्या पडदेवाल्याच्या घराकडं लक्ष ठेवलं. मग जाऊन दार वाजवलं.

आतून भांड्याचा आवाज आला, मग पावलं, मग शांतता. दाराला लागून कुणीतरी उभं होतं.

"कोण आहे?" इमीचा आवाज.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी! आवाज ओळखत नाहीस का?"

"आवाज कुणीपण काढतं," ती म्हणाली. "नाव सांगा."

मागं टेगन खुदखुदत होती. रस्त्यावरून कुत्रं फिरवणारी एक बाई गेली, तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातल्या केककडंही. मला वाटलं, आता ही कुणाला तरी फोन करेल. आणि ताई, मला लाज वाटली नाही. मी पाठ सरळ केली, केक दोन्ही हातांत धरला.

"कोरली टॅटनेल," मी म्हटलं. "इमोजेनची आई. मला जेवायला बोलावलंय."

आत दाराची साखळी अडकवल्याचा आवाज झाला. दार चार बोटं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. त्यानं मला बघितलं, माझ्या मागचा रस्ता बघितला, डावीकडं, उजवीकडं, सावकाश, जसं मी आयुष्यभर बघत आले.

"एकटीच आहेस?"

"एकटीच."

"बरं," इमी म्हणाली, आणि साखळी काढायला तिनं दार आधी पुन्हा लावून घेतलं.

तुझी,
कोरी